वशिंड, पोळी आणि घाम

एप्रिलच्या दुपारी अडीच वाजता माण, आटपाडी किंवा सांगोल्याकडच्या एखाद्या गोठ्यात जा. एकाच दावणीला होल्स्टीन रक्ताची संकरित गाय आणि खिल्लार गाय बांधलेली असेल असा गोठा निवडा. जरा बाजूला उभं राहा आणि बरगड्यांमागच्या भकाळीवर नजर ठेवून, घड्याळ लावून, एक मिनिट मोजा. भकाळी एकदा फुगली आणि बसली की एक श्वास. आरामात असलेली गाय मिनिटाला 25 ते 40 श्वास घेते. खिल्लार बहुधा याच्याच आसपास सापडेल. डोळे अर्धवट मिटलेले, रवंथ चालू, मध्येच कातडी थरथरवून माशी उडवणं चालू. संकरित गाय तोवर 60-70च्या पुढे गेलेली असते. वारा पडला असेल तर शंभरी गाठते. मान पुढे ताणते, तोंड उघडं टाकते, लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबते. आणि ती बसत नाही. बसलं की पोटाखालची कातडी जमिनीला चिकटते, तिथला वारा बंद होतो. म्हणून बिचारी पाय दुखेपर्यंत उभीच राहते.

सावली एक, पाणी एक, वैरणही बहुतेक एकच. मग फरक कुठून आला?

आधी उष्णता येते कुठून ते पाहू. आपला समज असा की ऊन बाहेरून लागतं. अर्धीच गोष्ट खरी आहे. गाईच्या पोटात रुमेन नावाचा जो मोठा कप्पा असतो, त्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव कडबा-गवत आंबवत असतात, आणि आंबवण्यातून उष्णता सुटते. वैरण जितकी भरड, तितकी ही उष्णता जास्त. त्यात दूध तयार करणं हे कासेचं जबरदस्त कष्टाचं काम. त्याचीही उष्णता होते. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत, दिवसाला साधारण साडेअठरा किलो दूध देणारी होल्स्टीन गाय भाकड गाईपेक्षा 27 टक्के जास्त उष्णता तयार करते आणि साडेएकतीस किलो देणारी 48 टक्के जास्त, असं आढळलं. म्हणजे ज्या गाईचा मालकाला सगळ्यात अभिमान, तीच आतून सगळ्यात तापलेली.

ही उष्णता बाहेर टाकायलाच हवी, कारण गाईच्या शरीराचं तापमान साडेअडतीस अंशांच्या आसपास राहिलं तरच तिचं सगळं बरं चालतं. हवा थंड असेल तर काम सोपं असतं. कातडीतून उष्णता आपसूक बाहेर जाते. पण हवा 36-37 अंशांवर गेली की हवा आणि कातडी यांच्यात फरकच उरत नाही. 40 अंशांना तर उलटा प्रवास सुरू होतो, हवाच गाईला तापवते. मग एकच वाट उरते: पाण्याची वाफ करणं. एक लिटर पाणी कातडीवरून वाफ होऊन गेलं की सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. ही वाफ गाय दोन ठिकाणी करते, कातडीवर घामाने आणि नाकातोंडात धापेने.

देशी आणि विदेशी गाईतला खरा फरक इथे आहे, आणि तो मोजलेला आहे. ऑस्ट्रेलियात नाय आणि हेमन या दोन संशोधकांनी 1956 साली वशिंडवाल्या आणि युरोपीय गाईंच्या कातडीचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिले. गाईच्या कातडीत प्रत्येक केसाच्या मुळाशी एक घर्मग्रंथी असते. युरोपीय गाईत ती बारीक, नागमोडी आणि खोलवर गेलेली. वशिंडवाल्या गाईत ती फुगीर, पिशवीसारखी आणि कातडीच्या पृष्ठभागाजवळ. शिवाय आपल्या गाईच्या अंगावर केस दाट उगवलेले असतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत ग्रंथीही जास्त. केस मात्र आखूड, जाड आणि तुळतुळीत, अंगाला चिकटून बसणारे. युरोपीय गाईच्या लांब, मऊ केसांत हवेचा थर अडकतो. हिवाळ्यात तो थर तिचा जीव वाचवतो, उन्हाळ्यात तोच घाम वाळू देत नाही. ऑस्ट्रेलियातच टर्नर आणि श्लेगर यांनी 1960 साली गाईंच्या केसांना गुण देण्याची पद्धत काढली. केस जितके आखूड आणि चमकदार, तितकी त्या उष्ण भागात जनावराची वाढ चांगली, असा हिशेब त्यांना मिळाला. गुरांच्या बाजारात जाणता माणूस जनावराच्या पाठीवरून हात फिरवतो आणि 'कातडी तलम आहे' म्हणतो, तेव्हा तो त्याच्या परीने हेच गुण देत असतो.

रंगाचंही तसंच. खिल्लारचा करडा-पांढरा रंग ऊन बऱ्यापैकी परतवतो, आणि त्या पांढऱ्या केसांखाली कातडी काळी असते, म्हणजे सूर्याच्या अतिनील किरणांपासून बचाव. वरून पांढरं, आतून काळं ही उन्हासाठी उत्तम जोडी. पण रंगालाच सगळं मानू नये. नांदेडची लाल कंधारी गडद तांबडी असते आणि मराठवाड्याच्या उन्हात तिचं काही अडत नाही.

आता वशिंडाकडे येऊ, कारण देशी गाय म्हटलं की लोक तिथेच थांबतात. कुणी सांगतं वशिंडात पाणी साठवलेलं असतं, कुणी सांगतं तिथून सूर्यकेतू नाडी जाते आणि ती सूर्याची ऊर्जा ओढून घेते. वशिंडात स्नायू आणि चरबी असते. पाणी साठवण्याची सोय तिथे नाही, आणि अशी नाडी आजवर कुठल्या शवविच्छेदनात सापडलेली नाही. मानेखालच्या पोळीबद्दलचा समज त्यापेक्षा शहाणपणाचा होता. लोंबती पोळी, सैल बेंबी, मोठे कान यांनी कातडीचं क्षेत्रफळ वाढतं, म्हणून उष्णता जास्त बाहेर पडते, असं पशुवैद्यकाच्या पुस्तकांतही लिहिलं जायचं. मग 1950च्या दशकात अमेरिकेत मॅकडॉवेल यांनी लाल सिंधी वळूंवर शस्त्रक्रिया करून वशिंड आणि पोळी काढूनच टाकली आणि त्यांना उष्णतेत ठेवून पाहिलं. सहनशक्तीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. एका वैभवशाली वळूचं वशिंड कापायचं म्हणजे ऐकायलाही बरं वाटत नाही, पण प्रश्न त्यामुळे निकालात निघाला. जे श्रेय आपण वशिंडाला देत आलो, ते बहुतांशी घामाचं आहे.

आणि घामाइतकंच ते कमी खर्चिक शरीराचं आहे. वशिंडवाल्या गाईचा चयापचयाचा मूळ वेगच कमी. ती कमी खाते, कमी जाळते, म्हणून कमी तापते. जी उष्णता तयार होते ती रक्तातून कातडीपर्यंत पोचायलाही तिच्या शरीरात अडथळा कमी. चूल लहान आणि धुराडं मोठं, अशी ही रचना आहे. संकरित गाईचं उलटं: चूल भलीमोठी, धुराडं बारीक.

धुराडं पुरेनासं झालं की धापा सुरू होतात, आणि धापा वाटतात तेवढ्या निरुपद्रवी नसतात. वेगाने श्वास टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त निघून जातो, रक्त अल्कधर्मी होतं, आणि ते सावरायला मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकतात. लाळेतलं बायकार्बोनेट पोटात जायचं, तर ते लाळेबरोबर जमिनीवर गळतं. पोटातल्या आम्लाला आवर घालणारं तेच असतं. म्हणून उन्हाळ्यात संकरित गाईचं पोट बिघडतं, फॅट लागत नाही, डेअरीवर दर कापला जातो, आणि मालक पेंड बदलून बघतो. शिवाय गाईच्या घामातून पोटॅशियम जातं. माणसाच्या घामातून मुख्यतः सोडियम जातं. त्यामुळे नुसतं मीठ चाटायला ठेवून तिची भरपाई पूर्ण होत नाही.

दूध कमी झालेलं लगेच दिसतं. गाय उलटलेली कळायला तीन आठवडे लागतात. उन्हाळ्यात मुका माज वाढतो, भरवलेली गाय पुन्हा पुन्हा माजावर येते, आणि दोष डॉक्टरच्या कांडीला जातो. खरा मार बसतो तो पहिल्या आठवड्यातल्या भ्रूणाला. फ्लोरिडा विद्यापीठात पीटर हॅन्सन यांच्या गटाने काचपात्रात वाढवलेली भ्रूणं काही तास 41 अंशांना ठेवली. होल्स्टीन आणि अँगस या युरोपीय जातींची भ्रूणं मोठ्या प्रमाणात मेली, ब्राह्मन जातीची त्या मानाने टिकली. इथे घामही नाही आणि केसही नाहीत. नुसत्या पेशी आहेत. म्हणजे उष्णता सोसण्याचा गुण पेशींपर्यंत उतरलेला आहे. हा काटकपणा बराचसा आईच्या बीजांडाकडून येतो, असंही त्या प्रयोगांत दिसलं. देशी गाईला विदेशी वीर्य आणि विदेशी गाईला देशी वीर्य, या दोन्हींतून मिळणारं वासरू कागदावर सारखंच अर्ध्या रक्ताचं. पण पहिल्या आठवड्यात, कडक उन्हात, दोन भ्रूणांचं नशीब सारखं नसतं.

ब्राह्मन हे नाव आलंच आहे, तर त्याचं मूळही सांगायला हवं. ही अमेरिकी जात 19व्या शतकाच्या अखेरीपासून भारतातून नेलेल्या गुरांतून तयार झाली. त्यात कांकरेज, ओंगोल आणि गीर यांच्याबरोबर कृष्णा खोऱ्याचं, म्हणजे सांगली-मिरज-बेळगावकडचंही रक्त आहे. लुइझियाना राज्यात अल्बर्ट ऱ्होड यांनी 1944 साली एक साधी चाचणी मांडली. जनावरं भर उन्हात उभी करायची, गुदद्वारात थर्मामीटर लावायचं, आणि 101 अंश फॅरनहाइटच्या वर जितके अंश जातील त्या प्रत्येकाला 100तून 10 गुण वजा करायचे. ब्राह्मनला 89 गुण मिळाले, काळ्या अँगसला 59. हिशेब उलटा करून पाहिला तर अँगसचा पारा सरासरी 105च्या वर गेला होता. दोघांच्या संकराला 84, म्हणजे अर्धं रक्त देऊन बराच फायदा. आजही गावातल्या पशुवैद्याला करता येईल इतकी ही चाचणी सोपी आहे, म्हणूनच मला ती आवडते.

वशिंडवाल्या गाईचे पूर्वज युरोपीय गाईच्या पूर्वजांपासून लाखो वर्षांपूर्वीच वेगळे झाले. तिला माणसाळवलं गेलं ते सिंधूच्या परिसरात. बलुचिस्तानातल्या मेहेरगढच्या उत्खननात तिच्या हाडांचा माग सुमारे 8 हजार वर्षं मागे जातो. दुष्काळ आला की माणूस कुठली गाय निवडतो, याचा एक जुना पुरावा 2019 साली हाती आला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी पश्चिम आशियातल्या प्राचीन गुरांच्या हाडांतला डीएनए वाचला. तिथे हजारो वर्षं वशिंड नसलेलीच गुरं होती. सुमारे 4200 वर्षांपूर्वी त्या भागात मोठा, लांबलेला दुष्काळ पडला, आणि त्यानंतर थोड्याच काळात सिंधूकडच्या गाईचं रक्त तिथल्या कळपांत झपाट्याने मिसळलेलं दिसतं. आईकडून येणारा डीएनए मात्र बराचसा जुनाच राहिला. म्हणजे लोकांनी सगळे कळप हाकत नेले नव्हते, मुख्यतः वळू नेले. मेसोपोटेमियातल्या शेतकऱ्याने हेच केलं होतं जे आज आपण वीर्याच्या कांडीने करतो, फक्त दिशा उलटी होती.

आता एक गैरसमज, जो मलाही हवामानाच्या बातम्या ऐकताना छळतो. उष्णतेचा ताण नुसत्या पाऱ्यावर ठरतो, असा तो. खरं तर ताण पारा आणि दमटपणा यांच्या मेळावर ठरतो. पशुविज्ञानात त्यासाठी तापमान-आर्द्रता निर्देशांक वापरतात. हा आकडा 72च्या पुढे गेला की होल्स्टीनला ताण सुरू होतो असं धरलं जात होतं. जास्त दुधाच्या गाईंसाठी आता 68च धरतात. गणित करून पाहा. 25 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता, म्हणजे आपण ज्याला सुखद हवा म्हणतो, तिथेच 72 येतात. अकोल्याच्या मे महिन्यात 40 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर आकडा 84च्या जवळ जातो. आणि रत्नागिरीत 32 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असेल तर तो 86! पारा आठ अंशांनी कमी, ताण जास्त, कारण घाम येतो पण वाळत नाही. या आकड्यात ऊन आणि वारा धरलेला नाही, तेव्हा भर उन्हात उभ्या जनावराचे हाल त्याहून वेगळे असणार. पण गोठ्यातल्या जनावरासाठी तो बऱ्यापैकी खरं सांगतो.

म्हणूनच कोकणातली गाय खिल्लारसारखी नाही. कोकण कपिला बुटकी, हलकी, डोंगरउतारावर चरणारी. शरीर लहान असलं की वजनाच्या मानाने कातडी जास्त मिळते आणि आतली उष्णता मुळातच कमी असते. घामावर भिस्त ठेवता येत नाही तिथे लहान असणं हाच उपाय. जांभ्या मातीवरच्या निकस गवतानेही तिला लहान ठेवलं असेल. दोन्ही कारणं एकाच दिशेला ओढतात. तिला आपण कालपरवापर्यंत 'गावठी' म्हणून मोडीत काढत होतो; जात म्हणून तिची अधिकृत नोंद अगदी अलीकडची, आणि विदर्भातल्या कठाणीचीही तशीच. इगतपुरी-अकोल्याकडच्या (नगर जिल्ह्यातलं अकोले, वऱ्हाडातलं नव्हे) डांगीची गोष्ट आणखी निराळी. तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो आणि सह्याद्रीच्या धुवांधार पावसात तो अंगावर पाणी ठरू देत नाही. तेव्हा 'देशी गाय' असा एकच साचा मनात धरणं चूक आहे. प्रत्येक जात आपल्या तालुक्याच्या हवेचं उत्तर आहे. म्हैस ही तर तिसरीच गोष्ट. काळी कातडी, घर्मग्रंथी फार कमी. तिला डबकं नाकारून पत्र्याखाली बांधणं म्हणजे छळ.

या सगळ्यावरून देशी गाईच्या नावाने आरती ओवाळावी असं मात्र मला म्हणायचं नाही. खिल्लारला ऊन लागत नाही याचं एक मोठं कारण ती दूध कमी देते हे आहे. 1967 साली उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी बाएफ ही संस्था सुरू केली आणि त्यानंतर संकरित गाई गावोगाव पोचल्या, तेव्हा लोकांनी त्या भक्तिभावाने स्वीकारल्या नाहीत. दर दहा दिवसांनी हातात येणाऱ्या दुधाच्या बिलासाठी स्वीकारल्या. त्या बिलावर मुलांची शिक्षणं झाली. 2019च्या देशव्यापी पशुगणनेत देशी गोवंश 6 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं, ते काही शेतकऱ्याला ऊन समजत नाही म्हणून नव्हे. आणि देशी गाईच्या 'ए-टू' दुधाच्या महागड्या बाटल्यांची जी जाहिरात चालते, तिने देशी गाईच्या एका खऱ्या, मोजता येणाऱ्या गुणाकडे लक्ष वेधण्याऐवजी ते दुसरीकडे नेलं आहे.

मग दूध आणि सहनशक्ती यांचं कायमचं वाकडं आहे का? ब्राझीलकडे पाहिलं तर उत्तर 'नाही' असं आहे. तिथे ओंगोलची नेलोर झाली आणि मांसाच्या कळपांत ती सर्वाधिक संख्येने पसरली. गीर गाई गेल्या; भावनगरच्या महाराजांच्या कळपातला 'कृष्णा' नावाचा वळू तिथे आजही नाव घेण्यासारखा मानतात. पण नुसती गुरं नेऊन ते थांबले नाहीत. 1985 पासून त्यांनी गीर वळूंची संतती-चाचणी सुरू केली. एका वळूच्या अनेक मुलींचं दूध मोजायचं, आणि मगच तो वळू चांगला की वाईट हे ठरवायचं. शिवाय गीर आणि होल्स्टीन यांच्यातून तीन-अष्टमांश गीर असलेली गिरोलांडो ही जात पक्की केली. आपलंच बीज, पण वहीत नोंद त्यांची.

आपल्याकडे निवड कशासाठी होते? खिल्लारच्या खोंडाला आज लाखांत किंमत येते ती शर्यतीसाठी. 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा कायम ठेवला आणि खोंडांचे भाव आणखी वधारले. यामुळे खिल्लार टिकली हे खरं, त्याबद्दल नाक मुरडायचं कारण नाही. पण वळू निवडताना शंभर-दोनशे मीटरचा वेग पाहिला जातो. त्याच्या बहिणीने मे महिन्यात किती दूध दिलं हे कुणी विचारत नाही. पिढ्या अशाच जात राहिल्या तर खिल्लार पळेल झकास, दावणीला मात्र ती फक्त खोंड देणारी म्हणूनच उभी राहील.

ज्यांच्याकडे आत्ता संकरित गाई आहेत, त्यांना उद्या त्या विकून देशी आणा असं सांगण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी एकच कामाची गोष्ट: फॉगरच्या बारीक तुषारांनी केसांवर नुसता ओलावा धरतो आणि गोठा आणखी दमट होतो. मोठ्या थेंबांचं पाणी कातडीपर्यंत मुरू द्या, मग पाणी बंद करून पंखा लावा, आणि हे आलटूनपालटून करा. वारा नसेल तर पाणी मारून उपयोग नाही. वैरण पहाटे आणि रात्री टाका. दुपारी टाकलेला कडबा ऐन उन्हात पोटात आंबतो.

आणि ज्यांच्याकडे खिल्लार, देवणी, लाल कंधारी किंवा गौळाऊ आहे, त्यांनी एक वही घालावी. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत प्रत्येक गाईचं दूध, दुपारी अडीचचे श्वास, आणि त्या काळात भरवलेली गाय गाभण राहिली की उलटली, एवढंच लिहावं. दोन गाईंत जी उन्हातही दूध टिकवते आणि गाभण राहते, तिच्या पोटचा गोऱ्हा खच्ची करू नये, विकूही नये. तो वळू म्हणून गावात ठेवावा.